हरकती निरंक

तुमच्या घराच्या उंबऱ्यापासून रस्त्यापर्यंत किती पायऱ्या आहेत, सांगता येईल? उठून न बघता, आत्ता लगेच?

नाही येणार. तुम्ही त्या रोज उतरता, म्हणून त्या तुम्हाला दिसत नाहीत. आमच्या घराला चार आहेत. होत्या पाच, एक रस्त्यानं गिळली. आमची नगरपालिका जुनं डांबर खरवडत नाही, त्याच्यावरच नवं ओतते. दर निवडणुकीला रस्ता वर येतो आणि घरं खाली जातात.

आमचं गाव लातूर आणि नांदेडच्या मधल्या टापूतलं, तालुक्याचं. नाव लिहीत नाही. लिहिलं तर बाकीच्या गावांतले लोक म्हणतील, आपल्याकडे नाही बुवा असं.

आमच्या भागात घर बांधायला काढलं की माणूस मिस्त्रीला पहिली गोष्ट सांगतो ती ही, की जोतं समोरच्यापेक्षा दोन थर वर घे. पाणी आत येऊ नये हे कारण आहेच, पण ते अर्धं. उरलेलं अर्धं म्हणजे इज्जत. ज्याच्या दारात जास्त पायऱ्या, त्याचं बरं चाललंय. माझ्या वडिलांनी, अप्पांनीसुद्धा हेच केलं. सगळी माणसं सारखी, अशी पत्रकं आयुष्यभर छापणाऱ्या माणसानं स्वतःचं जोतं मात्र शेजाऱ्यापेक्षा दोन थर उंच घेतलं. हे मी त्यांना तोंडावर म्हटलेलं आहे. ते म्हणाले, "तवा पाय होते."

अप्पांचा छापखाना घरातच, पुढच्या खोलीत. मी अक्षरं शिकले ती छपाईच्या शिशाच्या खिळ्यांवरून, उलटी. पाटीवर सुलट काढायला मला शाळेत सहा महिने लागले. झोपायचे पत्रकांच्या गठ्ठ्यावर. दुसऱ्या पोरी गाणी म्हणायच्या तेव्हा मी 'जाहीर निषेध' म्हणायचे, कारण ते शब्द मला सगळ्यात आधी पाठ झाले होते. पाण्याची टाकी, दवाखान्यातला न येणारा डॉक्टर, रेशनची साखर, हे सगळं आमच्या घरातून रंगीत कागदावर बाहेर पडायचं. खाली सही एकच, कायमची: 'एक संतप्त नागरिक.' ही सही लक्षात ठेवा.

पत्रक कधीमधी निघायचं. रोजचं काम होतं चौकातला वार्ताफलक. काळा रंग दिलेला लोखंडी पत्रा, वर पत्र्याचीच झापड. सकाळी आठाच्या आत अप्पा खडूच्या तीन कांड्या खिशात घालून निघायचे आणि फलक लिहायचे. कोणाच्या घरी मयत झाली, कोणती बस बंद झाली, कोणत्या वॉर्डात चार दिवस नळ नाही. शेवटची ओळ टोमण्याची. लोक ती आधी वाचायचे आणि मग वर जायचे. तीस वर्षं हे चाललं. त्याबद्दल त्यांना कोणी काही दिलं नाही, आणि त्यांनी मागितलं नाही.

दोन वर्षांपूर्वी त्यांना लकवा मारला. डावी बाजू गेली. नांदेडला दवाखान्यात तीन आठवडे काढले. आई आधीच गेलेली, घरात आम्ही दोघंच. परत आलो तेव्हा अँब्युलन्स दारात थांबली आणि पहिल्यांदा मला त्या पायऱ्या दिसल्या. शेजारचे काका, ज्यांचं कापडाचं दुकान आहे, ते आणि मी, दोघांनी अप्पांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून उचललं. अप्पा डोळे मिटून बसले होते. वर गेल्यावर म्हणाले, "बाई, माजी मिरवणूक पुन्हा काढायची न्हाई. जितेपणी न्हाईच."

आणि काढू दिली नाही. चार महिने ते उंबऱ्याच्या आत राहिले. चौकातला फलक कोरा. कोणीतरी त्यावर क्लासची जाहिरात चिकटवली.

नांदेडच्या दवाखान्यातल्या व्यायाम घेणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं, चाकाच्या खुर्चीला उतार करायचा तर एक फूट उंचीला बारा फूट लांबी पाहिजे. आमची उंची दोन फूट. म्हणजे चोवीस फूट. सरळ रस्त्याकडे काढला असता तर समोरच्या घरात घुसला असता. म्हणून मिस्त्रीनं तो भिंतीला लागून आडवा घेतला, आमच्याच हद्दीत, घरापुढं नियमानं सोडलेल्या सहा फुटांच्या पट्ट्यात. रस्त्याचं बोटभरही त्यानं घेतलं नाही. कडेला लोखंडी नळी, धरायला. वर खरखरीत सिमेंट, चाक घसरू नये म्हणून.

पहिल्या दिवशी अप्पांनी मला खुर्चीला हात लावू दिला नाही. उजव्या हातानं नळी धरत, थांबत थांबत एकट्यानं खाली आले. चौकापर्यंत मी ढकललं. जाहिरात त्यांनी नखानं खरवडली. खुर्चीतून हात फलकाच्या खालच्या अर्ध्यापर्यंतच पोचत होता, म्हणून त्यांनी खालच्या अर्ध्यातच लिहिलं.

चहाच्या हॉटेलवाला ओरडला, "ओ अप्पा, बातम्या गुडघ्यावर आल्या की ओ तुमच्या! वाकून वाचावं लागून राहिलंय."

"वाक की मग," अप्पा म्हणाले. जीभ अजून जड होती, पण शब्द कळला सगळ्यांना. "नगरपालिकेत जाऊन वाकतूस, तवा कंबर दुखत न्हाई."

हॉटेलभर हसू झालं. त्या दिवसापासून दीड वर्ष ते रोज गेले. माझ्या वडिलांचं जगणं म्हणजे काय होतं, तर एवढंच होतं. चोवीस फूट सिमेंट आणि अर्धा फलक.

आता नगरपालिकेची नोटीस, त्या दीड वर्षाच्या सुरुवातीचीच. अप्पा पेपर भिंग घेऊन वाचतात, पुण्यस्मरणाच्या जाहिरातींपर्यंत. त्या जाहिरातींच्या शेजारी, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत, त्यांना ती सापडली. आमच्या गल्लीच्या टोकाला एक मोकळा प्लॉट आहे. त्यावर वेड्या बाभळी माजल्यात, पण विकास आराखड्यात तो राखीव होता, ज्येष्ठ नागरिकांच्या निवासासाठी. मी शाळेत असल्यापासून राखीव. तिथं कधी वीट पडली नाही, पण कागदावर ती जागा म्हाताऱ्यांची होती. आता ते आरक्षण उठवून तिथं व्यापारी संकुल करायचं, आणि ओघानं आमची सगळी गल्ली रहिवासी विभागातून वाणिज्य विभागात टाकायची, असा प्रस्ताव होता. कोणाची हरकत असेल तर तीस दिवसांत लेखी कळवावी.

अप्पांच्या तोंडावर मी इतका आनंद आजारपणानंतर पाहिला नव्हता. त्यांना शत्रू मिळाला होता.

आम्ही पत्रक काढायला बसलो. मथळ्यावरच आठ दिवस गेले. त्यांना 'म्हाताऱ्यांनी मरावं कुठं?' हवं होतं. मला ते रडकं वाटत होतं. मी 'बाभळीखालचा दरोडा' सुचवला. ते म्हणाले, दरोडा शब्दावर खटला होतो. मी म्हटलं, होऊ दे. आम्ही भांडलो, जेवलो, परत भांडलो. मजकूर चार वेळा लिहिला. पायानं चालवायचं जुनं छपाईयंत्र, ट्रेडल, विकलेलं, म्हणून लातूरहून छापून आणलं, गुलाबी कागदावर. तपासताना अप्पांना एक वेलांटी चुकलेली दिसली. गठ्ठा परत पाठवला. आणखी चार दिवस.

मग वाटलं. आठवडी बाजारात, बस स्टँडवर, पेपरच्या घडीत घालून, देवळाच्या पायरीशी, मशिदीच्या कमानीत. चाकूरला आतेबहीण आहे, तिनं तिकडेही वाटलं, काही संबंध नसताना. लोकांनी पाठ थोपटली. आमच्या वॉर्डाच्या नगरसेवकानं मोटारसायकल थांबवून सांगितलं, "ताई, लई भारी लिव्हलंय. आमालाबी ठोकलंय, पण भारी लिव्हलंय." अप्पांनी त्यातला परिच्छेद फलकावर उतरवला. मला वाटलं, आम्ही जिंकलो.

सुनावणी कधी आहे ते विचारायला मी नगरपालिकेत गेले. नगररचनेचं टेबल दुसऱ्या मजल्यावर. पायऱ्या मोजून घ्या: चव्वेचाळीस, लिफ्टच्या जागी झाडू आणि जुनी पोस्टरं. टेबलावरच्या लिपिकानं मला ओळखलं. आमचं गुलाबी पत्रक त्याच्या काचेखाली होतं, उलगडून, नीट.

"सुनावणी?" तो म्हणाला. "कशाची ओ ताई? हरकती निरंक."

निरंक म्हणजे शून्य. एकही नाही.

मी काचेवर बोट ठेवलं. "हे काय आहे मग?"

"हे पत्रक हाय."

"हरकतच आहे ती. पानभर हरकत आहे."

"ताई, तुमी शिकलेल्या. अर्ज आवकला द्यावा लागतो. शिक्का बसतो, नंबर पडतो. ह्याच्यावर अर्जदार कोण हाय?" त्यानं वाकून खालची ओळ मोठ्यानं वाचली. "एक संतप्त नागरिक. आता ह्या नावाला मी सुनावणीची नोटीस कुटं पाटवू?"

शेजारच्या टेबलावरची बाई तोंडाला पदर लावून हसली.

"शेवटची तारीख कधी होती?"

"परवाच झाली की."

"तुमच्या टेबलावर पंधरा दिवस पडलंय हे. एकदा तरी सांगायचं होतं."

तो खरंच चकित झाला. "मला वाटलं, तुमी दिलाच आसंल अर्ज. लिव्हणारी मान्सं तुमी."

मी त्याला बरंच बोलले. इथं लिहीत नाही, कारण ते बोलणं स्वतःला बोलायचं होतं. पूर्ण गाव आमचं पत्रक वाचत होतं, आणि गावातल्या एकाही माणसानं, आम्ही दोघांनीसुद्धा, एका कोऱ्या कागदावर चार ओळी लिहून नाव घालून तो आवक खिडकीत सरकवला नव्हता. आम्ही वेलांटी दुरुस्त करत होतो. हजार कागद वाटले आणि जो एक द्यायचा तो दिला नाही. ही चूक शेतकरी करणार नाही, कापडवाला करणार नाही. ती आमच्यासारखेच करतात, ज्यांना वाटतं की गोष्ट चांगली लिहिली म्हणजे ती झाली.

घरी येऊन सांगितलं. अप्पांनी भिंग बाजूला ठेवलं. मग विचारलं, "वेलांटी कोणती होती गं?"

मला आठवत नव्हतं. त्यांनाही नाही.

काही महिन्यांनी मंजुरी आली. गल्ली वाणिज्य झाली. शेजारच्या काकांनी पुढची भिंत पाडून दोन शटर बसवली. जोतं फोडून रस्त्याच्या पातळीला आणलं. गिऱ्हाईक पायऱ्या चढत नाही, हे त्यांना धंद्यानं शिकवलेलं. आपल्या म्हाताऱ्या सासूसाठी जी पायरी बारा वर्षांत कमी झाली नाही, ती साड्यांसाठी आठवड्यात गेली. मी हे त्यांना म्हटलं. ते म्हणाले, "तुला बोलायला काय जातंय, पोरी. गल्लीचं भलंच होऊन राहिलंय." अप्पांची खुर्ची उचलणारा हाच माणूस. वाईट नाही तो. म्हणूनच जास्त राग येतो.

मध्ये ज्येष्ठ नागरिकांच्या सत्काराचा कार्यक्रम झाला. वार्ताफलक चालवल्याबद्दल अप्पांनाही बोलावणं आलं. स्टेजला सहा लाकडी पायऱ्या. निवेदक माइकवरून म्हणाला, "ज्येष्ठ आपली सावली आहेत," आणि दोन कार्यकर्ते अप्पांना उचलायला खाली आले. अप्पांनी उजवा हात असा उगारला की ते थबकले. शेवटी शाल खालीच घातली, स्टेजच्या कडेला, कर्ण्याच्या खोक्याशेजारी. फोटोत खोकंच जास्त आलंय. ती शाल आता आमच्या दाराला खालून लावलेली आहे, फटीतून गल्लीची धूळ येते म्हणून.

त्यानंतर तीन आठवड्यांत उताराला नोटीस. वाणिज्य विभागात घरापुढची सोडलेली जागा वाहनांसाठी मोकळी पाहिजे, त्यात केलेलं बांधकाम विनापरवाना, सात दिवसांत स्वतः काढून घ्यावं. आमच्याकडे वाहन एकच, चाकाची खुर्ची. ती लावायला तेवढीच जागा होती.

या वेळी मी अर्ज दिला. नाव, सही, शिक्का, सगळं. उत्तर आलं नाही. आठव्या दिवशी सकाळी अकराला जेसीबी आला.

अप्पा दारात खुर्चीत बसून होते. खडू खिशात. फलक लिहून सकाळीच परत आले होते. खाली इंजिनियर, तरुण, माझ्याच वयाचा, गॉगल कपाळावर.

अप्पा म्हणाले, "साहेब, टेप आणलीय का? मोजा. रस्त्यात एक इंच निघाला तर मीच फोडतो."

"आजोबा, रस्त्याचा विषयच नाही. मार्जिनचा आहे, घरापुढं सोडायच्या जागेचा."

"ह्या मार्जिनमधून मी खाली उतरतो."

"रॅम्पला नियमात तरतूद आहे, आजोबा. मी नाही म्हणत नाही. नकाशा काढून द्या, परवानगी घ्या, परत बांधा."

"आणि तवर?"

इंजिनियरनं गॉगल डोळ्यांवर घेतला. "तवर काय, कुणीतरी उचलंल की. गल्ली आहे एवढी."

मी शिव्या दिल्या. मोबाइल काढून शूटिंग करणारे बारा जण होते, त्यात चहाच्या हॉटेलवालाही. उतार फुटायला चहा प्यायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. नळी वाकली. खालून त्या जुन्या चार पायऱ्या बाहेर आल्या, धुळीनं माखलेल्या, पण शाबूत. अप्पांच्या मिस्त्रीचं काम पक्कं होतं.

किनवटकडून सागाच्या दोन जाड फळ्या मागवून मी तात्पुरती सोय करून पाहिली. आडवा नाही, सरळ, काढता-घालता येईल असा. घराच्या छपराइतका उभा झाला तो. पहिल्याच खेपेला खुर्ची माझ्या हातून निसटली. अप्पा पडले नाहीत, भिंतीला टेकले, पण त्यांनी खिशातला खडू काढून माझ्या हातात दिला.

आता फलक मी लिहिते. ते दारात बसून सांगतात, मी चौकात जाऊन उतरवते. परत आल्यावर रोज विचारतात, "खालच्या अर्ध्यातच लिव्हलीस ना?" मी हो म्हणते. खालच्या अर्ध्यातच लिहिते, वाकून. वरचा अर्धा मी कोणाला लिहू देत नाही. त्यांचा हात जिथवर पोचत होता, त्याच्या वर आमच्या गावात सध्या बातमी नाही.

नकाशा काढून घेतला आहे. परवानगीचा अर्ज अप्पांनी मला तोंडी सांगितला. पहिला शब्द 'विनंती'. जन्मात त्यांनी हा शब्द कोणाला लिहिला नव्हता. दोनदा थांबले, पाणी मागितलं, मग म्हणाले, लिही. शेवटी मी विचारलं, सही काय करायची? त्यांनी कागद मांडीवर घेतला आणि स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं, बापाच्या नावासकट. अर्जाला आवक नंबर आहे. नंबर पाठ आहे आम्हाला. उत्तर नाही. आणि बसमधून नांदेडला किंवा लातूरला जाताना मी रस्त्याकडेच्या नव्या इमारती बघते: खाली शटर, वर जिना, जिन्याच्या वरच्या टोकाला खिडकीत एक म्हातारं माणूस. प्रत्येक ठिकाणी कधीतरी एक नोटीस लागली होती, आणि प्रत्येक फाइलीत तोच शब्द असणार: निरंक.

म्हणून तुम्हाला एक काम सांगते. हा मजकूर कोणाला पुढे पाठवू नका. कापून ठेवू नका. छान लिहिलंय म्हणून मला कळवू नका. त्या 'छान'नं आमचा उतार गेला. येत्या कामाच्या दिवशी तुमच्या नगरपालिकेत जा. नोटीस बोर्ड बघा आणि विचारा: म्हाताऱ्यांसाठी राखीव जागा कुठं आहे, ती उठवायचा प्रस्ताव आहे का, कोणती गल्ली वाणिज्य होते आहे, आणि घरापुढच्या उताराला तिथं जागा ठेवली आहे का. मग एका कोऱ्या कागदावर तुमची हरकत लिहा. चार ओळी पुरतात. वेलांटी चुकली तर चुकू द्या. खाली तुमचं खरं नाव घाला, आवक खिडकीत द्या, आणि तुमच्या प्रतीवर शिक्का बसेपर्यंत खिडकीपुढून हलू नका.

जाताना तुमच्या स्वतःच्या पायऱ्या मोजत उतरा. आकडा त्या कागदावर लिहा.